स्वल्प म्हटलं की उठायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं नेहमीचं काम म्हणजे पिशवी भरणं. लोक शेवटचा चहा सांगतात, देवळात गेल्याचं सांगतात. आमची पिशवी. सकाळी सहाला बायको पलंगावर बसून एकेक वस्तू बोलत होती आणि मी आत टाकत होतो. मोठ्या माणसांचे डायपर, परकर, जुनी सुती साडी, लहान मुलाखाली घालतात तसलं मेणकापड. गाठ मारायला काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून सगळ्यात वर एक स्वेटर.

“डायपर चार कशाला? दोन पुरे,” मी म्हटलं.

“रस्ता काय तुमच्या बापाचा आहे, वेळेवर पोचायला?” ती म्हणाली. मग चार घेतले.

दोन वर्षांपासून तिला लघवी धरवत नव्हती. मी सरळच लिहितो. आडून लिहायला शाळा जास्त लागते, माझी चौथीत सुटली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, व्यायाम दिला, फरक पडला, पण घरापुरता. बाहेर पडलं, बसचा खड्डा लागला, खोकला आला, हसू आलं, की झालं. मग तिनं बाहेर पडणंच सोडलं. लग्न नाही, देऊळ नाही, गाव नाही. विचारलं तर सगळ्यांना “गुडघे दुखतात” म्हणायची. खरं फक्त मला ठाऊक. कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावून ठेवलं होतं. आता मी हे लिहितोय म्हणजे तिचा शब्द मोडतोच आहे, म्हणून निदान नाव कोणाचं लिहीत नाही.

तर त्या दिवशी बारसं होतं. तिच्या भावाचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीला पुण्याहून इथं बेंगळुरूला आला, कोरमंगलात राहतो. त्याला बहीण नाही. आम्हाला मूल नाही. त्याचा फोन आला, “आत्या, माझ्या पोराचं नाव तूच ठेवायचंस. तू नाही आलीस तर नाव नाही, नुसता नंबर देतो त्याला.” ती हसली, हो म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिचा चेहरा पडला. आम्ही राहतो त्या आनेकलहून कोरमंगला म्हणजे दोन बस. बारशाला आत्याचा मान, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसायचं. मी म्हटलं, “नको जाऊ.” ती म्हणाली, “जाणार. एकदा तरी आत्या होऊ द्या मला.”

आमचा एक शब्द ठरलेला होता. शेजारच्या अक्कामुळं कानडी आमच्या घरात शिरली होती. स्वल्प म्हणजे थोडं. सरी म्हणजे ठीक आहे. मागं एकदा देवळाच्या रांगेत मी तिला विचारलं, “काय गं, झाली का?” तीस वर्षं लेथ मशीनच्या वरताण ओरडून बोललेला माणूस मी, माझं हळू म्हणजे दुसऱ्याचं मोठ्यानं. चार बायका वळून बघायला लागल्या. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “यापुढं मी स्वल्प म्हटलं की तुम्ही उठायचं. सरी म्हटलं की गप बसायचं. बाकी तोंड उघडायचं नाही.” मी कबूल केलं. शब्द निवडायला मात्र आम्ही दोघंही चुकलो. सगळं बेंगळुरू दिवसभर स्वल्प, स्वल्प करत असतं, हे घरात बसून ध्यानात आलं नव्हतं.

आदल्या दुपारपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी रागावलो, डॉक्टरनं पाणी प्यायला सांगितलंय म्हटलं. “डॉक्टर येणार आहे का बसमध्ये?” म्हणाली. ओठ सुकून पांढरे पडले होते.

चंदापुऱ्यात बस बदलली. इथल्या बसमध्ये पुढं बायका, मागं पुरुष. ती पुढं दाराजवळ बसली, मी मध्ये दांड्याला धरून, पिशवी छातीशी. कंडक्टर ओरडला, “स्वल्प मुंदे होगी!” म्हणजे थोडं पुढं सरका. मला तेवढं पहिलंच ऐकू आलं आणि मी निघालो गर्दी कापत. ती आपली खिडकीबाहेर बघत बसलेली. परत फिरलो. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला एक बाई म्हणाली, “अज्जा, एका जागी उभे राहा की.” कंडक्टर बोलला की माझा पाय आपोआप उचलायचा.

वाटेवरची देवळं लोकांना पाठ असतात, मला संडास पाठ होते. पेट्रोल पंपाचा, हॉटेलच्या मागचा, कुठं आतून कडी आहे, कुठं नाही. बोम्मनहळ्ळीच्या अलीकडं एक होता, पलीकडं लांब दुसरा. बस अडकली ती नेमकी त्या दोघांच्या मध्ये. अर्धा तास हलेना. उतरलो तर दोन्हीकडं तेवढंच चालणं, आणि तिला भरभर चालवत नव्हतं. मला तिची फक्त मान दिसत होती. मान ताठ होती. ताठ मान म्हणजे ती धरून बसलीय, हे मला कळत होतं. शेवटी राहवेना. तिकडून काही येत नाही तर आपणच विचारावं म्हणून मी लांबूनच ओरडलो, “स्वल्प?”

तिच्या आधी कंडक्टरच बोलला, “स्वल्प अल्ला अज्जा, पूर्ती जाम!” थोडं नाही आजोबा, पुरता जाम. सगळी बस हसली. तिनं वळून बघितलं. तोंडावर पदर होता आणि डोळे हसत होते. हसली म्हणून मी आणखी घाबरलो. तिनं हात वर केला. “सरी,” म्हणाली.

पोचलो तेव्हा ती कोरडी होती. जिन्यात माझा दंड धरून म्हणाली, “बघा, जमलं.” दहावीला पास झाल्यासारखा चेहरा.

हॉलमध्ये पांढरा सोफा. भाच्याची सासू पुण्याहून आलेली, बोलायला खटकेबाज. “या आत्याबाई, बसा सोफ्यावर.”

“नको, पाटच बरा. गुडघे दुखतात.”

“गुडघे दुखतात आणि खाली बसता?”

“वर बसलं की जास्त दुखतात,” ही म्हणाली. सासूबाईंनी एकदा हिच्याकडं, एकदा माझ्या पिशवीकडं बघितलं.

पाळणा सजवलेला होता. बाळाखाली दुपट्याच्या आत मेणकापड. ते बघून ही माझ्या कानाशी लागली, “त्याच्या खालीपण आहे.” मला हसू आवरेना. मी जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

मग तिनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. आवाज कापत होता पण चुकली नाही. त्यानंतर काय असतं ते मी विसरलो होतो. बाप्या माणूस, बारशात कधी पुढं गेलेलो नाही. नाव सांगून झालं की सगळ्या बायका कुर्रर्र करून आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मानाचे धपाटे. सहा-सात जणी तुटून पडल्या. “घ्या आत्याबाई, हा माझा! हा माझा!” ही वाकलेली, हसतेय, हसताना खोकला लागला, आणि तिनं पाळण्याची दोरी घट्ट धरली.

माझ्या हातात खिरीची वाटी आली होती. सासूबाई खिरीचं पातेलं घेऊन तिच्यापाशी पोचल्या. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “स्वल्प.”

मी म्हटलं, “हो, तिला थोडीच वाढा. गोड सोसत नाही.”

“अहो, स्वल्प.”

“सांगितलं की मी त्यांना! थोडीच वाढतायत!” मी ओरडलो आणि पुढचा चमचा तोंडात घातला.

सकाळपासून त्या शब्दाला पन्नास वेळा दचकलो, आणि जेव्हा तो खरा आला तेव्हा मी खीर खात होतो. मग तिचा चेहरा बघितला. वाटी तिथंच ठेवली, पिशवी उचलली, तिला हाताला धरून उठवलं. ती माझ्या अंगाला चिकटून पाठ भिंतीकडं ठेवून चालली. मागून कोणीतरी म्हणालं, “काका, बाथरूमपर्यंत पण सोडवत नाही का आत्याला?” सगळे खिदळले.

आत एवढीशी जागा. डायपर भरून परकर भिजला होता, साडीवर मागं तळहाताएवढा डाग. मी खाली बसलो आणि बदलायला लागलो. ती भिंतीला हात लावून उभी.

“एक शब्द दिला होता तुम्हाला,” ती म्हणाली. “एक.”

“सगळं गाव तोच शब्द बोलतंय, मी काय करू?”

“साडी बदललेली दिसणार. काय सांगायचं?”

“खीर सांडली सांग. माझ्या हातनं.”

तिनं पिशवीतली सुती साडी ओढून घेतली. मग वरूनच म्हणाली, “उद्या मेले की बायका आंघोळ घालायला येतील. तेव्हा बघतील सगळ्या.”

“मर तर आधी. मग बघू,” मी म्हटलं.

चाळीस वर्षं मी असाच बोलत आलो. ती रागावली नाही, “बघालच तुम्ही” म्हणाली आणि पदर नीट केला. पण माझं ते वाक्य मला अजून खोडता आलेलं नाही.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी सुती साडी बघितली.

“यांच्या हातनं खीर सांडली,” ही म्हणाली.

सासूबाईंनी मी ठेवलेल्या वाटीकडं बघितलं. वाटी निम्मी भरलेली, आसपास कुठं थेंब नाही. “बरं,” म्हणाल्या आणि खिरीचं पातेलं उचलून आत गेल्या. त्यांना कळलं का नाही, मला कळेना. ही मात्र त्यानंतर कोणाच्या डोळ्याला डोळा देईना.

भाच्यानं परतीला गाडी करून दिली. सीटवर मेणकापड, त्यावर स्वेटर, त्यावर ती. वाटेत एकदाही स्वल्प म्हणाली नाही. घरी आलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. तिनं उभ्यानंच दोन तांबे पाणी पोटात घातलं. “आता काही धरायचं नाही,” म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी मागच्या अंगणात साडी धुवायला घेतली. डाग वाळायच्या आत निघावा म्हणून. तिनं हाक मारली, “अहो.” मी “आलो” म्हटलं आणि आणखी दोन वेळा साबण लावला. साडी दोरीवर टाकून आत गेलो तर मान कलली होती. शेजारची अक्का धावत आली, गल्लीतला डॉक्टर आला. हृदय बंद पडलं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आणि त्याची सासू पोचले. गल्लीतल्या बायका जमल्या. सवाष्ण गेली, तर बायकांनी आंघोळ घालायची, हिरवी साडी नेसवायची, हळदकुंकू लावायचं. अक्कानं पाणी तापवलं. मी खोलीच्या दारात उभा राहिलो.

“आंघोळ मी घालणार,” म्हटलं.

“अण्णा, असं नसतं करायचं,” अक्का म्हणाली. “हे बायकांचं काम.”

“मी घालणार.”

“रीत काय आहे? लोक काय म्हणतील?” दुसरी एक म्हणाली. पाठीमागून कोणी तरी माझा हात धरला. मी चौकट सोडली नाही. मला पुढं बोलता येईना, कारण जे बोलायचं तेच बोलायचं नव्हतं. ओरडलो असतो तर सगळंच बाहेर आलं असतं.

तेव्हा भाच्याची सासू उठली. माझ्याकडं न बघता बायकांना म्हणाली, “असू दे. त्यांना करू दे. साडी आपण नेसवू नंतर.” आणि गरम पाण्याची बादली स्वतः उचलून आत ठेवून गेली.

मी दार लावलं, कडी घातली. तिला पुसून घेतलं, आंघोळ घातली. माणूस गेल्यावरही अंग धरत नाही, हे मी सकाळीच बघितलं होतं. पिशवीत तीन डायपर शिल्लक होते. त्यातला एक बांधला, नेहमीसारखा, कड मांडीला काचणार नाही असा. वर कोरडा परकर, नाडी डाव्या बाजूला, तिला उजवीकडं आवडत नसे. मेणकापड आणि भिजलेलं सगळं काळ्या पिशवीत, गाठ मारून. मग दार उघडलं.

बायकांनी हिरवी साडी नेसवली, कुंकू लावलं, ओटी भरली. कोणाला काही दिसलं नाही.

स्मशानात न्यायची गाडी आली. मी चढलो आणि दाराजवळची जागा धरली. पिशवी मांडीवर होती. भाचा म्हणाला, “काका, पिशवी राहू दे की घरी.” मी म्हटलं, “तिची आहे.” चौघांनी तिला उचललं. दाराशी जागा अडचणीची, तेव्हा ड्रायव्हर आतून ओरडला, “स्वल्प मुंदे!”

मी तिच्याकडं बघितलं. माझा हात पिशवीच्या चेनवर गेला होता.