उकर्डाजींच्या मोटारीची चाकं

उकर्डाजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या डॉक्टरीणबाईंच्या मोटारीपुढे आडवे पडले होते. अमरावतीच्या जनाना इस्पितळाच्या फाटकात मोटार उभी होती आणि तिच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक मळकं धोतर, एक पांढरी मिशी आणि भेगाळलेल्या टाचा. पुण्याहून नर्स म्हणून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. माणूस चिरडला असं समजून मी किंचाळले. हातातला तांब्या पायावर पडला. त्यावर खालून अगदी शांत आवाज आला, "मेलो नाई, बाई. मोजून राहिलो."

मग ते उठले, धोतर झटकलं, आणि मी त्यांच्या घरचीच असल्यासारखं मला सांगू लागले, "माही बैलगाडी या चाकापासून त्या चाकापर्यंत टाचेपासून कपाळाएवढी भरते. हे मोटार हनुवटीपाशीच सरली. टीचभर कमी हाये." एवढं सांगून चालते झाले. माफी नाही, नमस्कार नाही. मी तांब्या उचलायचंही विसरले. पुढे कळलं की अमरावती असो नाहीतर अकोला, उभी मोटार दिसली की हा गृहस्थ तिच्यापुढे आडवा होतोच. एका वकिलांच्या ड्रायव्हरने पोलीस बोलावला, तर उकर्डाजींनी त्या पोलिसालाच शेजारी निजवून पाहिलं. तो म्हणे उंच होता, मोटार त्याच्या गळ्यापाशीच संपली.

उकर्डाजी पूर्णेकाठच्या टाकळीचे. वांगी, मेथी, झेंडू पिकवणारं घर. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने यांना जन्मताच क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि नावही तेच दिलं. "यमाले वाटलं पाह्यजे का कचरा हाये," ते म्हणत. "त्याले तसंच वाटलं. साठी उलटली, अजून पाह्यत नाई माह्याकडे." हे ते हसत सांगायचे. आमच्याकडे असं नाव कुत्र्यालाही ठेवत नाहीत, असं मी एकदा बोलून गेले. ते म्हणाले, "मंग तुमच्याकडे लेकरं जगत असतील."

त्याच दिवशी मला मोजमापाचं कारण कळलं. त्यांची थोरली लेक रुखमा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. अडली म्हणून बैलगाडीत घालून इस्पितळाकडे निघाले आणि ती वाटेतच गेली. इस्पितळात विकायला आणलेली वांग्यांची टोपली माझ्यापुढे ठेवता ठेवता त्यांनी हे सांगितलं. आवाज जराही हलला नाही. "आता धाकटी यसोदा हाये. दिवाळीनंतर तिचे दिवस भरतात. तिले मी बैलगाडीत नेत नाई."

म्हणजे मोटार घ्यायची. पण टाकळीला सडक नव्हती, होती ती चाकोरी. काळ्या मातीत पावसाळाभर गाड्यांची चाकं जिथे रुतली, तिथेच माती वाळून दगड होते. दोन खोल खाचा आणि मध्ये उंचवटा. बैलगाडी त्या खाचांतून रुळावरच्या आगगाडीसारखी जाते. मोटारीची चाकं मात्र जवळ जवळ. एक चाक खाचेत, दुसरं उंचवट्यावर, आणि आतली माणसं एकमेकांच्या अंगावर. सडकेपर्यंतचा एवढा पट्टा ओलांडला की पुढे काही अडचण नव्हती. तेवढ्यासाठी ते रस्त्यात आडवे होत होते. चाकोरीएवढी रुंद मोटार त्यांना हवी होती आणि तशी जगात कोणी बांधत नव्हतं.

शेवटी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याची टाकून दिलेली मोटार त्यांनी आणली आणि चाकं बदलायचं ठरवलं. नवी चाकं उंच हवीत, म्हणजे मोटारीचं पोट उंचवट्याला घासणार नाही. अरुंद हवीत, म्हणजे खाचेत बसतील. आणि मध्ये लोखंडी कडं घालून टीचभर बाहेर काढायची, म्हणजे चाकोरी जुळेल. अकोल्याच्या करीम मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "काका, ये मोटर है, छकडा नहीं. चक्का जितना बाहर, उतना वजन एक्सल की कील पर. और इतना ऊंचा डालोगे तो मुडेगा कैसे?" उकर्डाजींनी उत्तर दिलं, "मले वळाची गरजच कुठं हाये? चाकोरी सरळ हाये." चाकं पत्र्याला घासत होती, म्हणून त्यांनी वरचे चिखलपत्रेही काढून टाकले.

त्या मोटारीत मी एकदाच हौसेने बसले. आधीच्या सरीचा चिखल खाचांत होता, तो उडून माझ्या पांढऱ्या लुगड्यावर, चष्म्यावर, तोंडात. तेही मी सोसलं. पण चाकोरी लागल्याबरोबर उकर्डाजींनी हातातलं चक्र चक्क सोडून दिलं आणि मागे वळून तंबाखू मळू लागले. मोटार पळतेच आहे. मी चक्राकडे बोट दाखवत होते. "भ्या नका, बाई. वाट तिले धरून हाये," ते म्हणाले आणि चिमूट तोंडात टाकली.

यशोदेच्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी, रुखमासारखं वाटेत काही झालं तर सोबत नर्स हवी म्हणून, ते आधी मला न्यायला आले. तपासलं तर मूल आडवं होतं. मी म्हटलं, इथे नाही, इस्पितळातच न्यायला हवं, आणि उशीर नको. तिला मागे निजवलं, मी पायाशी बसले. त्या दिवशी उकर्डाजींनी तंबाखू काढली नाही. मोटार खरोखर सुरेख चालली होती. मला वाटलं, या माणसाने जिंकलं.

अर्ध्या वाटेत समोरून कापसाची गाडी आली. बाजूच्या बांबूच्या तट्ट्यांच्या वर भरलेली, त्याच चाकोरीत. आता या वाटेची एक रीत होती आणि ती उकर्डाजींनी मला पूर्वीच सांगितली होती: भरल्या गाडीने खाच सोडायची नाही, नुसती माणसं असलेल्या गाडीने बाजूला व्हायचं. "माणूस उतरते, बाई. कापूस उतरत नाई." जन्मभर पाळलेली रीत ती. ते विचार करायला थांबलेच नाहीत. कापूस दिसला आणि हात आपसूक चक्राकडे गेले. मी ओरडले, "उकर्डाजी, नका!" तोवर उंच चाक खाचेच्या भिंतीवर चढलं, वळता वळता चौकटीला अडलं, काडकन आवाज झाला आणि ते चाक एकटंच ज्वारीत पळत गेलं. मोटार कलंडून बसली.

गाडीवान धावत आला. आत पाहिलं, आणि काही न विचारता त्याने तट्ट्या सोडून सगळा कापूस वाटेवर ओतला. ज्या कापसासाठी आम्ही बाजूला झालो तो क्षणात खाली होता. यशोदेला उचलून त्याच्या गाडीत घातलं. बैलांच्या पावलांनी आम्ही इस्पितळात पोचलो. यशोदा वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा उकर्डाजी पायरीवर बसले होते. अंगावर कापसाचे पुंजके चिकटलेले. त्यांनी मुलाबद्दल काही विचारलं नाही. "कापूस उतरला, बाई," एवढंच म्हणाले. मग पुन्हा, "तुमी पाह्यलं ना? उतरला. मंग मी कायले वाट देली?" मी किती बाळंतपणं पाहिली, किती मरणं पाहिली. पण त्या प्रश्नाने मी जशी हादरले तशी कधी हादरले नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले.

मला वाटलं होतं, आता मोटार भंगारात जाईल. महिन्याने निरोप आला म्हणून गेले, तर टाकळीच्या पारासमोर सुतार बसलेला आणि गावातल्या गाड्या चाकं काढून ओळीने उभ्या. उकर्डाजींनी मोटारीला तिची मूळची चाकं परत बसवली होती आणि गावातल्या प्रत्येक गाडीचा आस कापून टीचभर आखूड करायला घेतला होता. मी थक्क झाले. पारावर भांडण चालू होतं. एक म्हातारा म्हणत होता, "अन् आमी दुसऱ्या गावच्या चाकोरीत गेलो मंजे? गाडी लंगडी चालन ना." उकर्डाजी म्हणाले, "चालू दे लंगडी. कापूस दोन दिवस उशिरा गेला त सडत नाई. सांग, तुह्या घरची कोन गेली या वाटेनं?" म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग एकेकाला त्यांनी हेच विचारलं. त्या गावात असं घर नव्हतं जिथे उत्तर नव्हतं. पुढच्या पावसाळ्यानंतर टाकळीची चाकोरी मोटारीएवढी झाली, आणि मोटारीला पुन्हा कधी परकी चाकं लागली नाहीत. यशोदेची पुढची दोन मुलं आमच्याच इस्पितळात झाली. दुसऱ्या खेपेला उकर्डाजी मला म्हणाले, "चाक नवतं चुकलं, बाई. मी चुकलो." मी नाही म्हटलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी यमाची नजर शेवटी त्यांच्याकडे वळली. झोपेत गेले. तेरवीला मी भाड्याच्या मोटारीने टाकळीला निघाले. केस पांढरे झालेली मी एकटीच मागे बसलेली. समोरून कापसाची गाडी आली, काठोकाठ भरलेली. मी ड्रायव्हरला थांब म्हणणार, इतक्यात समोरचा गाडीवान खाली उडी मारून बैलांच्या तोंडाशी गेला. ओढून, रेटून, बैल गुडघ्यांवर येईपर्यंत जोर लावून त्याने भरली गाडी खाचेबाहेर काढली. निम्मा कापूस ज्वारीत सांडला. विशी-बाविशीचा पोरगा होता.

मी काच खाली करून विचारलं, "अरे, भरली गाडी कशाला काढलीस? आम्ही रिकामे होतो."

तो घाम पुसत म्हणाला, "बाई बसल्या हायेत ना अंदर. आमच्या गावात कापूस उतरते."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"सांगाले कायले लागते? वाटेची रीतच हाये."

तो खाली वाकून कापूस गोळा करू लागला. मोटार पुढे निघाली. टाकळीपर्यंत मला रडू आवरलं नाही.