सामानाजवळ एक जण

आम्ही तिघे मित्र पाठीवर सॅक अडकवून युरोपातल्या शहरांतून फिरलो, पण तिघांनी मिळून पाहिलेलं असं एकही शहर नाही. व्हिएन्ना मी आणि आमच्यातल्या घड्याळजींच्या मुलानं पाहिलं. बुडापेस्ट मी सोडून बाकीच्या दोघांनी पाहिलं. मला बुडापेस्ट म्हणजे स्टेशनातला एक बाक, समोरचं पावाचं दुकान आणि तीन सॅक एवढंच आठवतं. सामानाजवळ एक जण बसलाच पाहिजे असा आमचा नियम होता, आणि तो मीच आणला होता.

आमचं घर मेंढरांचं. गाव सेनगाव तालुक्यात, गोरेगावला उतरून पुढं पायी जायचं. सुगी संपली की आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, रोज नवं रान आणि नवा मुक्काम. मुक्कामावरून सगळी माणसं एकदम कधीच हलत नाहीत. कोणी मेंढरांमागं जातं, कोणी पाण्याला, कोणी बाजाराला, पण बिऱ्हाडाजवळ एक जण बसून राहतो. तो लोकरीची दोरी वळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवतो. कोणी परका थांबला तर त्याला गाव विचारायचं, सोयरे कुठले ते विचारायचं, आणि ओळख निघाली नाही तर तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहायचं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पुस्तकांनी माझ्या बऱ्याच सवयी बदलल्या, ही मात्र नाही. मी जर्मनीला निघालो तेव्हा आईला माझ्या अभ्यासाबद्दल काय बोलावं ते कळत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सामान सोडून उठू नको, बाप्पा. परमुलखातली माणसं कशी असतेत, काय सांगावं."

ही दोन हजारच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला एका जर्मन संस्थेत पाठवलं होतं. आमच्या जिल्ह्यातले आम्ही तिघे. एकाचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या काठावर, त्याचे वडील मासे धरायचे. दुसरा हिंगोली शहरातला, त्याच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान. प्रोजेक्ट संपल्यावर विद्यार्थ्यांसाठीचा रेल्वेचा स्वस्त पास काढून आम्ही निघालो. पाव, टमाटे आणि घरून आणलेलं लोणचं यावर दिवस काढत होतो. माझ्या नियमाला दोघांनीही हरकत घेतली नाही. धरणाकाठच्या मित्रानं लहानपणापासून चोरीला गेलेली जाळी पाहिली होती, आणि घड्याळजींच्या घरी तर गिऱ्हाईक बसलं असताना काउंटर सोडायची रीतच नव्हती. स्टेशनावरच्या लॉकरवर आमचा विश्वास नव्हता. ज्याची चावी दुसऱ्यानं बनवलेली आहे त्या पेटीत आपलं सामान काहून ठेवायचं, असं धरणाकाठचा म्हणायचा.

शेवटचं शहर प्राग. तिथं आम्हाला एकच दिवस मिळणार होता, आणि राखणीची पाळी घड्याळजींच्या मुलाची होती.

यात एक अडचण होती. प्रागमध्ये भर चौकात एक फार जुनं घड्याळ आहे. तासाचे ठोके पडायच्या वेळी त्याच्या वरच्या खिडक्या उघडतात आणि बाहुल्या एकामागून एक फिरून जातात. त्याचं चित्र असलेलं कॅलेंडर माझ्या मित्राच्या दुकानात कित्येक वर्षं टांगलेलं होतं. साल संपलं तरी काढलं नव्हतं. पण त्याच्या अब्बांचा त्या चित्रावर विश्वास नव्हता. इतकं जुनं घड्याळ चालूच शकत नाही, बाहुल्या तर नाहीच नाही, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. "कॅलेंडरवाले कुछ भी छापते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगा शाळेत होता तेव्हापासून त्या दोघांचा हा वाद चालू होता. जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा अब्बांनी त्याला तिथल्या ताजमहालाएवढ्या मोठ्या चर्चचं वगैरे काही विचारलं नाही. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला खरं सांग, एवढंच म्हणाले.

मी त्याला म्हटलं, मी दुसऱ्यांदा बसतो. तो ऐकेना. "तू बुडापेस्टात बसलास ना? मंग झालं. नियम तूच काढला." शेवटी असं ठरलं की सकाळी आम्ही दोघांनी फिरून यायचं, दुपारी मी सामानाजवळ बसायचं आणि त्यानं घड्याळ बघून यायचं. कोणी चुकलं-हरवलं तर घड्याळाखाली भेटायचं, हेही त्यानंच ठरवलं.

प्रागच्या स्टेशनावर उतरलो तर एक म्हातारी बाई गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवून उभी होती. पाटीवर जर्मन भाषेत 'खोली' असं लिहिलेलं. होस्टेलपेक्षा तिची खोली स्वस्त होती. आम्ही तिच्यामागून निघालो खरे, पण मनातून घाबरलेलो. धरणाकाठचा माझ्या कानाशी लागला. "तीन परके पोरं, रंगानं असे. ही बाई आपल्याला घरात काहून नेऊन राहिली?" आमच्याकडं परक्याला असं घरात नेण्याआधी कोणीही गावातल्या दहा जणांना विचारलं असतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आमची खोली सोडून आतल्या सगळ्या दारांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. तिनं आमचे पासपोर्ट घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. आम्ही तिघे त्या दाराला चिकटून उभे राहिलो. तिनं परत दिल्यावर प्रत्येकानं आपापला फोटो तपासला. मग तिनं बोटांनी दाखवलं की सकाळी नऊला बाहेर, संध्याकाळी पाचला आत. दिवसा घरात कोणी राहायचं नाही.

आम्ही यातून काय अर्थ काढला ते सांगायला नको. दिवसभर ती आमच्या सॅक उचकणार.

सकाळी धरणाकाठच्यानं त्याच्या मोडक्या जर्मनमध्ये तिला सांगितलं की आमच्या एका मित्राचं पोट बिघडलंय, तो खोलीतच राहील. बाईनं त्या आजाऱ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यानं तिच्यासमोरच तीन उकडलेली अंडी संपवली होती.

आम्ही दोघे नदीवरच्या पुलावर गेलो, मग टेकडीवरच्या किल्ल्यात. सुंदर होतं, असं मला म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. धरणाकाठचा मधेच थांबून म्हणायचा, "आता चेन उघडली असंल तिनं." थोडं पुढं गेलो की, "आता त्याला काही पाजलं असंल." त्या घड्याळाच्या चौकातून रस्ता सरळ जात होता, तरी आम्ही मागच्या गल्लीनं गेलो. ज्याला ते बघायचं होतं तो खोलीत बसलेला असताना आम्ही आधी बघावं, हे दोघांनाही बरं वाटेना.

दुपारी परत आलो तर इमारतीचा दरवाजा बंद. घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. रस्त्यावर उभं राहून मी वर हाका मारल्या. खिडकी हलली नाही. शेवटी कुत्रं फिरवून आलेले एक गृहस्थ दार उघडायला थांबले आणि आमच्याकडं संशयानं बघू लागले. धरणाकाठच्यानं त्यांना बाईबद्दल विचारलं. ते म्हणाले, ती मघाशीच बाहेर गेली. बरोबर एक तरुण होता. पुष्कळ सामान होतं त्याच्याजवळ. एवढं सांगून ते आत गेले आणि आमच्या तोंडावर दार लावलं.

"सामान घेऊन गेला?" मी म्हणालो.

"तिनं नेलं त्याला," धरणाकाठचा म्हणाला. थोड्या वेळानं त्याचा आवाज बदलला. "नाही तर तोच गेला असंल. आपल्याला फिरायला लावून आपला आपण घड्याळ बघायला. त्या घड्याळासाठी तो काय बी करंल."

"तसा न्हाई तो."

"मंग कुठं हाय?"

मला त्याचा राग आला, पण तो म्हणतो ते खोटंच आहे असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नव्हतो. चार वर्षं ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याच्याबद्दल माझ्या मनात ते येऊन गेलं. आम्ही चौकाकडं जवळजवळ पळतच निघालो.

घड्याळाखाली माणसांची दाटी होती. त्या दाटीत तो आधी मला दिसला नाही, आमच्या सॅक दिसल्या. एक पाठीवर, एक छातीवर, एक हातात. त्याच्या शेजारी ती बाई, डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातात भाजीची पिशवी. आणि तिनं दुसऱ्या हातानं छातीवरच्या सॅकचा पट्टा घट्ट धरलेला.

धरणाकाठचा लोकांना ढकलत घुसला. "सोड, सोड," असं तो तिला मराठीतच म्हणत होता.

"अबे हळू," घड्याळजींचा मुलगा म्हणाला. "तिनंच आणलं मला."

मग वरच्या काट्यावरची नजर न हलवता त्यानं झालेलं सांगितलं. आम्ही गेल्यावर तो सॅकवर बसून राहिला. बाईनं खोलीबाहेरच्या अरुंद बोळात खुर्ची टाकली आणि उघड्या दारातून त्याच्याकडं बघत बसली. कोट घातलेला, टोपी घातलेली, रिकामी पिशवी मांडीवर. तिनं कसल्याशा फुलांचं पिवळं गरम पाणी आणून दिलं. त्यानं घेतलं नाही. तिनं त्यातला घोट स्वतः पिऊन दाखवला, तरी घेतलं नाही. पुष्कळ वेळ दोघं तसेच बसले. मग तिनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं, बाहेरचं दार दाखवलं, पिशवी दाखवली, आणि तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. तिला बाजाराला जायचं होतं, आणि हा घरात असेपर्यंत तिला उठता येत नव्हतं.

"ती बी राखणीलाच बसली व्हती बे," तो म्हणाला. "माझ्या राखणीला."

त्यानं नकाशावरचं घड्याळाचं चित्र तिला दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बाईनं विचार केला. तिनं त्याला तिन्ही सॅक पलंगावर उघडायला लावल्या आणि तिचं काही त्यात गेलंय का ते एकेक कपडा उचलून पाहिलं. तिचं पाहून झाल्यावर त्यानंही तिच्यासमोरच सगळं पुन्हा पाहिलं, आपलं काही कमी झालंय का म्हणून. मग ती दाराला कुलूप लावून निघाली, हा सगळं सामान अंगावर घेऊन तिच्यामागं. आधी बाजार, नंतर इथं. ते पोचले तेव्हा एकचे ठोके नुकतेच होऊन गेले होते, म्हणून दोनपर्यंत उभे राहिले.

ती बाई पट्टा चौकातल्या चोरांसाठी धरून होती की माझ्या मित्रासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन वाजायला आले. छातीवरच्या सॅकमुळं त्याला मान वर करता येत नव्हती. मी म्हटलं, दे इकडं. त्यानं एकेक सॅक उतरवली. बाई पट्टा सोडेना. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, सकाळचा चेहरा आठवला असावा, आणि पट्टा माझ्या हातात दिला. मी मागं भिंतीशी सरकलो आणि तिन्ही सॅक पायांत घेऊन बसलो. माझ्या जागेवरून घड्याळाचा निम्मा भागच दिसत होता.

घड्याळाच्या बाजूला बसवलेल्या हाडांच्या सापळ्याच्या बाहुलीनं दोरी ओढली. खिडक्या उघडल्या, दाढीवाली माणसं एकेक करून डोकावून गेली, शेवटी कोंबडा आरवल्यासारखा आवाज झाला आणि ठोके पडले. जमलेल्यांपैकी काही जण एवढंच का, अशा चेहऱ्यानं पांगले. माझा मित्र तिथंच उभा होता.

"दिसलं ना?" मी त्याला जवळ बोलावून विचारलं.

"दिसलं. चालतंय." पण त्याचा चेहरा मोकळा झाला नव्हता. "आत माणूस बसून फिरवत असंल तर? अब्बा पहिलं हेच विचारतील."

धरणाकाठचा हसायला लागला. मी हसलो नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

मग आम्ही तीन वाजेपर्यंत थांबलो. तिन्ही सॅक आणि भाजीची पिशवी माझ्याजवळ. पिशवी बाईनंच न विचारता आणून ठेवली. धरणाकाठच्याला बरोबर घेऊन घड्याळजींचा मुलगा घड्याळाच्या मनोऱ्याच्या कडेच्या बंद दाराशी गेला आणि तीनच्या आधीपासून त्यानं त्या दाराला कान लावला. येणारे-जाणारे बघत होते. बाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि बघणाऱ्यांकडं उलट बघत राहिली.

ठोके संपल्यावर तो सरळ रस्त्याकडेच्या सार्वजनिक फोनच्या डब्याकडं गेला. हिंगोलीत तेव्हा संध्याकाळ होती, दुकान उघडं असणार. आम्ही सामान उचलून डब्याच्या दारातच उभे राहिलो.

"अब्बा, चालू है," तो म्हणाला.

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्याच्या उत्तरावरून कळलं.

"नहीं अब्बा, अंदर कोई आदमी नहीं. मैं कान लगाके सुना. चक्कर घूमते सो आवाज आ रहा था, आदमी का नहीं आया."

पलीकडून आणखी काही विचारलं असावं, वेळ बरोबर होती का म्हणून. मग त्यानं स्वतःच्या मनगटावरचं, अब्बांनी जुळवून दिलेलं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"बराबर था, अब्बा," तो म्हणाला. "मिलाके देखा मैं."