मिलच्या छतावरची बाई

माझी सगळी नोकरी आर्मीच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये झाली. आमचं युनिट तेव्हा नागपूरजवळ होतं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी रोल कॉलला हुकूम आला. गोंदिया जिल्ह्यात पूर आहे, फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे बचावाची तुकडी, पहाटे निघेल. मी हवालदार होतो. कॉलममध्ये त्या जिल्ह्याचा मी एकटाच, म्हणून कॅप्टन साहेबांनी मला पहिल्या बोटीचा कमांडर केलं.

माझ्या बोटीवर लान्स नायक संभाजी होता. माण तालुक्यातला. पाण्याच्या टँकरची वाट बघत वाढलेला, पण गावच्या एकुलत्या खोल विहिरीत पोहायला शिकलेला. गाडीत तो म्हणाला, "उस्ताद, आमच्या गावाला टँकर येतो. तुमच्या गावाला आम्हीच यायला लागलोय."

"झोप गुमान," मी म्हणालो.

बोटीत आमचे दोन नियम होते. पहिला, स्वतःच्या लाइफ जॅकेटची गाठ स्वतः मारायची नाही. बाजूच्याने मारायची आणि ओढून पाहायची. नवे जवान विचारायचे, असं का? मी सांगायचो, त्याची गाठ सुटली तर तुमचा दोर धरायला कुणी उरणार नाही. म्हणजे यात स्वतःचा मतलब आहेच. पण महिनाभर एखाद्याची गाठ रोज मारली की त्याच्या घरची काळजीही आपल्याला लागते. फौज या दोन्हींवर मिळून चालते. गावही असंच चालतं, असं मला वाटायचं.

दुसरा नियम, खबर दोन तोंडांतून आल्याशिवाय बोट सोडायची नाही. पुरात प्रत्येकाला आपलाच माणूस आधी दिसतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं.

०७४० वाजता आम्ही बिरसी विमानतळाच्या पुढे नदीकाठच्या एका गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. हे माझं ओळखीचं गाव. माझे आईवडील चिचगडकडे जंगलात तेंदूपत्ता तोडायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. या गावातल्या धनलालमामांनी मला त्यांच्या राईस मिलच्या मागची खोली आणि तीन वर्षं दोन्ही वेळचं जेवण दिलं. नात्याने ते मामा नव्हते. मी त्यांच्या मुलाला शिकवायचो. मी बी.ए. झालो तो त्यांच्यामुळे, हे आजही मान्य करतो.

ग्रामपंचायतीसमोर गाव जमलं होतं. यादीत पहिली जागा एक टोली, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती होती. तिथे शाळेच्या व्हरांड्यात चौदा माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती. संभाजी इंजिन लावत होता, तेवढ्यात मामा गर्दीतून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"टेकचंद, बाबू, माही सून मिलच्या छतावर अडकली. आठवा महिना हाय तिले. पानी चढून राहिलं."

पाच-सहा जण बाजूला उभे होते. सगळे मिलमध्ये काम करणारे. कुणी काही बोललं नाही.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "कन्फर्म कौन करेगा?"

"सर, मी करतो," मी म्हणालो. "या माणसाच्या घरी मी वाढलो. ते खोटं बोलणार नाहीत."

दुसरं तोंड मी झालो. चूक इथे झाली आणि ती माझी आहे. दुसरी चूकही माझीच. नव्या जागी आम्ही विचारतो, पाण्याखाली विहीर, तार, कुंपण काय आहे? मी विचारलं नाही. तीन वर्षं तिथे राहिलो होतो, मिल मला पाठ होती.

संभाजीच्या जॅकेटची गाठ मी मारली, माझी त्याने. ०८०५ ला बोट सुटली. ०८२० ला मिलला लागलो. पक्क्या स्लॅबवर दोन हमाल बसले होते, बुधराम आणि मोहन. पाणी स्लॅबच्या सहा फूट खाली होतं. भिंतीवरच्या ओल्या पट्ट्यावरून ते उतरत असल्याचं दिसत होतं.

"बाई कुठं हाय?" मी ओरडलो.

"कोनती बाई?" बुधराम म्हणाला. "आमी दोघंच हावो. मालकानं सांगतलं, धानाची पोती सोडून हलू नका म्हून."

संभाजीने माझ्याकडे पाहिलं. मी वायरलेस सेट उचलला.

"टायगर, मी टायगर वन. बाई नाही. रिपीट, बाई नाही. दोन पुरुष. ओव्हर."

"रॉजर. दोघांना घेऊन या. ओव्हर."

परत निघताना प्रवाहाने बोट डावीकडे ओढली. तिथे मामांनी मागच्या वर्षी लोखंडी अँगल रोवून काटेरी तारेचं कुंपण घातलं होतं. माझ्या वेळी ते नव्हतं. अँगलने बोटीचा रबर फाटला आणि एक बाजू बसली. बुधराम पाण्यात पडला, संभाजी त्याच्यामागे गेला. त्याने बुधरामला ढकलत माझ्या हातात दिलं. मग त्याचा पाय तारेत अडकला. जॅकेट त्याला वर ओढत होतं, धार खाली. गाठ सुटली नाही. कटरने तार कापायला अकरा मिनिटं लागली. ०८५२ ला आम्ही त्याला मिलच्या स्लॅबवर घेतलं. तो गेला होता.

टोलीतली चौदा माणसं दोन तास जास्त पाण्यात उभी राहिली. मागून पोचलेल्या दुसऱ्या बोटीने ती सुखरूप काढली.

त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवली नाही. बायका संभाजीसाठी रडल्या आणि ते रडणं खरं होतं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत त्याच बायकांच्या नवऱ्यांनी जबाब दिले, आम्ही काही ऐकलं नाही. तेही मी समजू शकतो. मिल होती म्हणून त्यांना काम होतं. घरात कुणी आजारी पडलं तर मामांची जीप गोंदियाला न्यायची. मामांनी जबाब दिला, "मी फक्त मानसं अडकली म्हटलं." त्यांची सून महिनाभरापासून गोंदियाला माहेरी होती.

निघताना मी मामांना एकटं गाठलं.

"काऊन खोटं बोलले मामा?"

"बाई म्हणलो नसतो त तुमी गेले असते का?"

"दुपारी गेलो असतो. पाणी उतरून राहिलं होतं."

"मंग त्या दोघायले दुपारवर मरू देऊ? मले दया नाही का?"

"पोत्यांची दया होती तुमाले."

"दोन्हीची होती," ते म्हणाले. "तुले ठेवलं तईबी दोन्ही होतं, दया अन् पोराची शिकवनी. तवा नाही बोलला तू."

मी गाडीत जाऊन बसलो. माझ्या रेकॉर्डवर शेरा आला, खबरीची खात्री केली नाही. शेरा बरोबर होता.

तीन वर्षांनी मी रिटायर झालो. गावाने शाळेच्या फाटकाजवळ संभाजीचं स्मारक बांधलं आणि मला बोलावलं. काळ्या दगडावर लिहिलं होतं, गर्भवती महिलेचे प्राण वाचवताना वीरमरण. खाली सौजन्य म्हणून मामांचं नाव. मी सरपंचांना म्हणालो, हे खोटं आहे. ते म्हणाले, "आता राहू द्या ना भाऊ. पोरं वाचतात, चांगलं शिकतात. अन् त्याची माय आली हाय."

संभाजीची आई माणहून दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. तिने दगडावरून हात फिरवला. नातवाकडून तिने मजकूर वाचून घेतला होता. ती वळून लोकांना म्हणाली, "ती बाई कुठं हाय? तिचं लेकरू केवढं झालं?"

सगळं गाव खाली पाहू लागलं. वर बिरसीच्या पायलट स्कूलचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. मामा माझ्याकडे पाहत होते. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात बुधरामची बायको पुढे आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. तिने ती संभाजीच्या आईसमोर उभी केली. "हे पाह्य, माय," ती म्हणाली. "तुह्या पोरामुळं हाय हे."

यात खोटं काही नव्हतं. बाप वाचला म्हणून ती मुलगी होती. पण तिच्या वयाचा हिशेब जुळत नव्हता; पुराला तीन वर्षं झाली होती. आईच्या तो लक्षात आला की नाही, मला कळलं नाही. तिने मुलीच्या झग्याचं बटण लावलं.

"हिला पोहायला शिकवा," ती म्हणाली.

मी सावधान उभा राहिलो आणि सलामी दिली. मामांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. तेव्हापासून मामांच्या घरी मी गेलेलो नाही.

संभाजीची आई मागच्या हिवाळ्यात वारली. म्हणून आता लिहितो. छतावर बाई नव्हती. लान्स नायक संभाजी दोन हमालांना आणताना गेला. ते दोघं वाचवण्याच्या लायकीचे होते, त्यासाठी बाई उभी करायची गरज नव्हती. खरं सांगून दुपारी बोलावलं असतं, तरी तो त्यांच्यासाठी गेला असता. आणि परत आला असता.