चुकीच्या उत्तरांचे प्रोफेसर

आमचे प्रोफेसर गेले, अन् मले चुकू देणारं माणूस गेलं.

आज वर्ष झालं.

मले अक्षर येत नाई. मी सांगून राह्यली, नात टाइप करून राह्यली. मधातच सुधरवते. मी म्हटलं, राहू दे बाई, तुह्या आजोबाले असंच चाले.

माहे मालक वर्ध्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. सत्तर-ऐंशीच्या सालातली गोष्ट. लग्न होऊन आली तं वाटलं, एवढा शिकलेला माणूस माह्याशी बोलन काय?

एक दिवस चुलीपाशी येऊन बसले. गंज पुढं ओढून त्या भांड्यातल्या पाण्यात मीठ टाकून हलवलं.

"आता वजन वाढलं, का तेवढंच?"

"तेवढंच. मीठ दिसते कुठं? पाण्यानं खाल्लं."

हासले नाईत. म्हणे, "काऊन वाटते तुले असं?"

मले काय वाटते, हे तोवर कोणी इचारलंच नव्हतं.

मंग किराणावाल्याचा तराजू मागून आणला. आधी पाणी मोजलं, मीठ टाकून पुन्हा मोजलं. वजन वाढलेलं.

माहं तोंड पडलं, अन् हे खूश! "अवं, माह्या वर्गातले अर्धे पोट्टे बी हेच म्हणतात."

"मंग फी काऊन घेता त्यायची?"

तेच त्यायचं रिसर्च झालं. पोरं चुकतात, तं काय समजून चुकतात.

कॉलेजले सुटी असली की हे केळझरच्या नाई तं जामच्या शाळेत. मास्तरायले सांगत, "चूक खोडली तं पोरगं गप होते. इचारलं तं बोलते."

मी टोमणा मारला, "साऱ्या जिल्ह्याच्या चुका गोळा करा. घरच्या कोण ऐकन?"

"चल मंग."

एसटीनं गिरडच्या शाळेत नेलं. मी वर्गात मागं बसली. एक पोट्टी उठून म्हणे, मीठ पाण्यानं खाल्लं. सारा वर्ग हासला.

"हासू नका," हे म्हणाले. "माह्या घरी बी एक जण असंच म्हणे. तिच्याच पायी मी इथं आलो."

मी पदरात तोंड लपवलं.

आता घरात सारे शिकलेले. मी काही म्हटलं की, "आजी, तसं नसतं." मोबाइल काढून उत्तर दाखवतात. बरोबरच असते त्यायचं.

विषय तिथंच संपते.

परवा दिवसभर बोललीच नाई. कोणाच्या ध्यानात नाई आलं.

प्रोफेसर, तुमच्यासंगं मी जन्मभर चुकीचं बोलली.

पण लय बोलली.

माहा राम राम घ्या.