दाजींचा आतला रस्ता

विलायतेत राहून आलेल्या माणसाला कशाचा राग येईल याचा नेम नसतो. कुणाला धुळीचा येतो, कुणाला चहातल्या साखरेचा. आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, मोठ्या रस्त्यांचा राग होता.

हे आम्हाला ताईच्या पत्रांमधून आधीच कळलं होतं. लग्नानंतर दोघं इंग्लंडला गेले, दाजींनी तिथं एक जुनी मोटार घेतली आणि सुट्टीत ते स्कॉटलंडपर्यंत फिरून आले. एका दिवसात पोचवणारा मोटारवे होता म्हणे. पण ह्यांनी मुद्दाम बारक्या रस्त्यांनी जाऊन तीन दिवस लावले. 'मोटारवेवरून नुसत्या पाट्या दिसतात, देश बघायचा तर आतल्या रस्त्यानं जावं, असं ह्यांचं मत आहे,' असं ताईनं लिहिलं होतं. सोबत फोटो होते. एकात रस्ताभर मेंढ्या आणि एकात दगडी भिंतीला टेकून उभी असलेली, चेहरा पाडून बसलेल्या लेकरासारखी दिसणारी ताई. नंतर विचारलं तर म्हणाली, दोनदा वाट चुकलो होतो आणि मला भूक लागली होती.

चार वर्षांनी ते महिनाभराच्या रजेवर आले, तेव्हा मी परभणीत शाळेवर मास्तरीण होते. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि माय माझ्याजवळ दोन खोल्यांत राहत होती. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. त्या दुष्काळातच मायच्या माहेरापर्यंत सडक झाली. वालूरच्या बाजूचं लहानसं गाव ते. मामानं आणि मामीनं त्या सडकेवर वर्षभर खडी फोडली होती. माय अजून त्या सडकेवरून गेलीच नव्हती.

ताई-दाजी मोटार भाड्यानं घेऊन सगळ्यांना मामाकडं नेणार असं ठरलं, त्या दिवशी माय मेथी निवडत बसली होती. हातातली जुडी तशीच ठेवून ती म्हणाली, "मला म्होरच्या शिटावर बसव. आन मोटार वेशीतून न्यायची."

एवढंच. पण मला ते कळायला जास्त काही लागलं नाही. माय लहान असताना आमच्या माणसांनी वेशीतून, चावडीपुढून जायचं नसे. जळणाचा भारा घेऊन गावाला वळसा घालायचा आणि बाभळींमधून, मागच्या वाटेनं वस्तीवर यायचं. चावडीवरून जाणं भागच पडलं, तर पायातलं काढून हातात घ्यायचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी ते सोडलं खरं. पण मायचं तोवर लग्न होऊन गेलं होतं, आणि माहेरी जायची तेव्हा ती एस. टी.च्या आडफाट्यावर उतरून, जवळ पडते म्हणून, त्याच मागच्या वाटेनं पायी जायची. वेशीतून ती कधी गेलीच नव्हती. तिनं माझ्याकडून मामाला कार्ड लिहवून घेतलं, 'रविवारी बाराला मोटारीने वेशीतून येतो.' वेशीतून हा शब्द तिनं दोनदा वाचून घेतला.

रविवारी सकाळी अँबेसिडर आली. चालवणारे चाचा पन्नाशीचे, पांढरी दाढी, जिल्ह्यातला रस्ता न् रस्ता पाठ. माय पांढरं लुगडं नेसून आणि ताईनं तिकडून आणलेल्या तपकिरी चामड्याच्या सँडला घालून तयार होती. बक्कल तिला जमत नव्हतं, ते मी लावून दिलं. ती पुढचं दार उघडणार तेवढ्यात दाजी म्हणाले, "गाडी मी चालवतो." चाचांनी कपाळावर आठ्या घातल्या. मालकानं गाडी त्यांच्या भरवशावर दिली होती. म्हणून दाजी चालवणार तर चाचा शेजारी बसणार, असा तह झाला. माय मुकाट्यानं मागं, माझ्या आणि ताईच्या मधे येऊन बसली. पुढची शीट अशी दारातच गेली.

मी तोंड उघडलं, तर मायनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "जावई हायेत," ती हळूच म्हणाली. "चार वर्सांनी आलेत."

आमच्याकडं हे एक आहे. जावयाला नाही म्हणायचं नाही. त्याला वांगी आवडत नसली तर घरादारानं महिनाभर वांगी खायची नाहीत. माझ्या मायनं भल्याभल्यांना तोंडावर उत्तरं दिलेली मी ऐकलेली आहेत, पण जावयापुढं ती पदर सावरून गप्प. या रिवाजाचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

तासभर सडकेनं नीट गेलो. मग एका फाट्यावर दाजींनी गाडी थांबवली. उजवीकडं ज्वारीच्या रानातून एक गाडीवाट जात होती. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कडेला करडई होती. दिसायला चांगलं होतं हे मी नाकारत नाही.

"ही वाट कुठं जाते?" त्यांनी विचारलं.

"जाती तिकडंच," चाचा म्हणाले. "पन बैलगाडीची हाय, साहेब. सडकेनं अर्ध्या घंट्यात पोचवतो. आत गाडी घातली तं कवा पोचू, खुदा जाने."

दाजींचे डोळे चमकले. बैलगाडीची आहे हे ऐकल्यावर तर त्यांना राहवेना. "आपल्याच जिल्ह्यात येऊन सडक काय बघायची," असं म्हणून त्यांनी गाडी आत घातली.

"दाजी, मामा वेशीत वाट बघत बसले असतील," मी म्हणाले.

"पोचूच की. पंधरा मिनिटं इकडं तिकडं."

मायचा हात परत माझ्या गुडघ्यावर. मी ताईकडं बघितलं, ताई खिडकीबाहेर बघत होती.

दाजींना दोष तरी किती द्यावा. ते पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेले. वडील रेल्वेत, घरापुढं नळ, शाळा आणि मग शिष्यवृत्तीवर कॉलेज. आमच्यातलेच असून गावात एक दिवस राहिलेले नव्हते. खेडं त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून बघितलं होतं. गावाला पुढची बाजू असते आणि मागची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अर्ध्या तासानं मेंढरं लागली. वाटभर. दाजी कॅमेरा घेऊन खाली उतरले आणि एकदा उभं राहून, एकदा गुडघ्यावर बसून फोटो काढायला लागले. मेंढरंवाला घोंगडी सावरत गाडीजवळ आला.

"वाट चुकलाव का?"

"नाही नाही," दाजी हसून म्हणाले. "मुद्दाम आलो."

"मुद्दाम," तो म्हणाला. त्यानं चाचांकडं बघितलं. चाचांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. "सडक पलीकडं हाय की."

"सडक नको."

मेंढरं बाजूला घेताना तो मान वळवून वळवून आमच्याकडं बघत होता, आणि मला मोटारीच्या बुडाखाली जाऊन लपावंसं वाटत होतं.

दाजी फोटो काढत होते तेवढ्यात मी ताईला बाजूला ओढलं. "तू सांगितलं नाहीस का त्यांना? मायला वेशीतून का जायचंय ते?"

"कसं सांगू?" ताई म्हणाली. "तिथं मी गावाचं चांगलंच सांगते. हुरडा, आंबे, मामाची बैलजोडी. दुसरं सांगायला लागले की माझी जीभच उचलत नाही."

"मग मी सांगते."

"माय रागावेल."

रागावली असतीच. मी सांगितलं नाही. आता वाटतं, तेव्हाच सांगितलं असतं तर काय जावई रुसून परत विलायतेला गेला असता? पण आम्ही तिघी मोटारीत तोंडं शिवून बसलो आणि तो एकटा बिचारा खुशीत शीळ घालत होता.

बाराच्या सुमाराला ओढा आला. पाणी घोटाभरच, पण खाली काळी माती. चाचा म्हणाले, घालू नका. दाजींनी घातली. मागचं चाक जे रुतलं ते जागेवरच गरगर फिरायला लागलं. मग आम्ही सगळे खाली. मी माझी एकुलती एक चांगली साडी खोचून आणि ताई नायलॉनच्या साडीत, दोघींनी ढकललं. चाचांनी बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या. माय तेवढी आत बसून राहिली. तिनं सँडला काढून मांडीवर घेतल्या होत्या आणि पदरानं पुसत होती.

"असे प्रसंगच लक्षात राहतात," दाजी चिखलात उभे राहून म्हणाले. लक्षात राहिला आहे, यात शंका नाही.

गाडी निघाली तेव्हा दीड वाजला होता. मला डोळ्यांपुढं सारखा मामा दिसत होता. मामा कार्ड घेऊन चावडीवर गेला असणार, चार जणांना वाचून दाखवलं असणार, आणि सकाळपासून पटका बांधून वेशीपाशी सडकेकडं तोंड करून बसला असणार. मोटार कुठाय म्हणून लोक त्याला विचारत असणार. मी हात झिडकारून बोलणार होते, पण मायनं हात गुडघ्यावर ठेवलाच नव्हता. ती पुढं वाकून काचेतून बघत होती.

वाट वर चढली. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे पडकी विहीर. बाभळींच्या पलीकडं वस्तीची छपरं दिसायला लागली. ही तीच वाट होती. इतकं हिंडून, रुतून, दाजींनी मायला नेमकं तिच्या मागच्या वाटेवर आणलं होतं.

"थांबवा गाडी," माय म्हणाली.

ती दाजींना सरळ बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. दाजींनी घाबरून ब्रेक मारला. माय आपली पिशवी घेऊन उतरली, विहिरीच्या दगडावर बसली आणि सँडला पायात घातल्या. बक्कल तिचं तिनंच लावलं. दोन-तीनदा सुटलं, पण लावलं.

"तुमी या गाडीनं," ती म्हणाली. "मी वेशीतून येते."

दाजींना काही उमजेना. "आई, घर तर समोर दिसतंय. एवढा वळसा घालून उन्हात पायी कशाला?"

"तुमी सकाळपासनं लांबून आनलाव," माय म्हणाली. "मी काय बोलले का?"

आणि ती निघाली. गावाबाहेरून, हरभऱ्याच्या बांधाबांधानं, वेशीच्या दिशेला. मी तिच्या मागं. मागं वळून बघितलं तर ताई मोटारीला टेकून दाजींना काहीतरी सांगत होती, अगदी फोटोत दिसत होती तशीच. थोड्या वेळानं दाजी पळत आले. गळ्यातला कॅमेरा त्यांनी गाडीत ठेवला होता. त्यांनी मायच्या हातातली पिशवी घेतली आणि आमच्या मागून चालायला लागले. त्यांचे बूट चिखलानं भरलेले होते.

वेशीपाशी मामा होताच. पटका, धुतलेलं धोतर, हातात कार्ड. तो सडकेकडं बघत होता, म्हणून बांधावरून येणारी बहीण त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही.

"मोटार कुठाय?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "मी समद्याला सांगून बसलो."

"हाय की. मागं उभी हाय."

"मागं? आन तू पायी?"

"चल," माय म्हणाली.

वेशीतून आत शिरल्यावर चावडी लगेचच लागते. ओट्यावर पाच-सहा जण पान खात बसले होते. मायनं पदर डोक्यावरून घेतला होता, पण तोंडावर ओढला नाही. पाऊल भरभर उचललं नाही. सँडलेचं नवं चामडं कुरकुर वाजत होतं, आणि ओट्यावरचं बोलणं थांबल्यामुळं ते चांगलंच ऐकू येत होतं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन पाव्हने?" मायनं थांबून आपल्या बापाचं नाव सांगितलं, लेक म्हणून सांगितलं, आणि मग मागं बोट करून म्हणाली, "हे माजे जावई." चिखलानं भरलेल्या बुटातल्या दाजींनी पिशवी खाली ठेवून त्यांना नमस्कार केला. म्हाताऱ्यानं मान हलवली. माय पुढं चालायला लागली.

माझा संताप काही तेवढ्यानं गेला नाही. जेवणं झाल्यावर मी मामीच्या चुलीपुढं बसून फणफणले. पुढची शीट गेली, सडक गेली, मामानं फोडलेल्या खडीवर मोटारीचं चाक फिरलं नाही, आणि मोटार तिकडं विहिरीवर उभी, शेळ्यांना बघायला. साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं आणि मोटार कुणाला दिसली नाही.

माय पाय पसरून बसली होती. टाचेला फोड आला होता, तिथं मामी खोबरेल लावत होती. सँडला तिनं उशाशी ठेवल्या होत्या.

"उगं बस," ती मला म्हणाली. "मोटारीत बसल्यावर पायातलं कुनाला दिसलं असतं?"