ती धक्का म्हणाली

अंगणात पोतं हांतरून आमी दोघं नवराबायको तुरीच्या हिरव्या शेंगा सोलीत बसलो होतो. दाणे ती परातीत टाकायची, मी मधूनमधून तोंडात टाकायचो.

"तुमच्या तोंडातनं उरलं तर आमटी व्हईल," ती म्हणाली.

"आमटीच करायची न्हाई मला. मी कच्चेच खातो."

"मंग गुरात बसा की जाऊन."

तिच्या पाठीमागं आमची तांबडी शेळी टरफलाला तोंड घालीत होती. ऊन चांगलं वर आलतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठायला गेली, अर्ध्यातच थांबली आन म्हणाली, "अवं, धक्का..."

मला वाटलं, शेळीनं धक्का दिला. काठी शेजारीच होती. उठलो आन शेळीच्या मागच्या पायावर दोन ठेवून दिल्या. गोठ्यापर्यंत हाकलत नेली, वरून आईमाईवरून शिव्या घातल्या. माघारी वळून "लई लागलं का गं?" म्हणलो, तर ती परातीवर कलंडलेली. दाणे सगळे अंगणभर.

डॉक्टर आला. "अटॅक आला, बाबा. लई मोठा," म्हणला. मी काठी धरून तसाच उभा. कुणीतरी ती हातातनं काढून घेतली तवा मला कळलं, की काठी माझ्याच हातात हाय. शेजारीण म्हणाली, "धक्का म्हणाल्या म्हंजी छातीत धक्का बसला आसंल." मी मान हलवली. मला तेवढं पुरलं आसतं.

पण दुपारी मुंबईहून तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. आधी रडला. मंग म्हणला, "दाजी, माझ्यासाठी खोळंबू नका, उरकून घ्या. पण एक ऐका. आक्का परवाच फोनवर म्हणाली होती, मी गेले तर माझी राख धक्क्यावर सोडायला सांग ह्यांना. हे हसतील, पण तू सांग."

हे हसतील. मी वट्यावर बसलो ते कुणी उठवीस्तोवर उठलो न्हाई.

धक्का म्हंजी जहाजाला टेकायची जागा. समुद्रात बांधलेला दगडी वटा म्हणा. मुंबईची माणसं त्याला धक्का म्हणतात. आमच्या उमापूरकडं धक्का एकच, ढकलायचा. तिचा जन्म मुंबईत, गोदीच्या मागच्या चाळीतला. पण मूळ इकडचंच. इकडं मोगलाई होती, निजामाचं राज्य. तिच्या आज्याला सारखं वेठीला धरायचे, म्हणून तो एका पहाटं कापसाच्या गाड्यांमागं चालत निघाला आन इंग्रजाच्या मुलखात गेला. गाड्यांमागं चालत जो गेला, तो त्याच कापसाच्या गाठी धक्क्यावर पाठीवर वाहायला लागला. गाठी विलायतेच्या जहाजात चढवायच्या. तिकडनं कापड व्हऊन यायचं, ते उतरवायचं. ती सांगायची, साहेबानं डोंगर फोडून समुद्र बुजवला आन त्यावर गोदी बसवली. साहेब टोपी घालून वर उभा राहायचा आन माणसाला नावानं न्हाई, नंबरानं हाक मारायचा. आज्याला पितळी बिल्ला दिलता, तीनशे बारा. आजीला ह्याची लई मजा. घरातसुदीक ती म्हणायची, "ए तीनशे बारा, भाकर खायला ये."

साहेब गेला, मुकादम आला, बाकी सगळं तेच. तिचा बाप त्याच धक्क्यावर राबला. ही दुपारची त्याची भाकर घेऊन जायची. बाप जेवीस्तोवर पाण्यात उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायरीवर बसायची, वरून तिसऱ्या. भरतीचं पाणी घोट्याला लागलं की उठायचं, हे तिचं घड्याळ. पुढं माल भरलेल्या लोखंडी पेट्या आल्या, त्या उचलायच्या मशिनी आल्या, आन बाप घरी बसला. त्यानं पोरगी आपल्या मुलखात द्यायची म्हणून माझ्यासारखा चौथी शिकलेला शेरडंवाला बघितला.

लग्नाला मी मुंबईला गेलतो. तेवढंच. दुसऱ्या दिवशी ती मला धक्क्यावर घेऊन गेली, तिसरी पायरी दाखवली. मी म्हणलो, "एवढं पाणी आन पिता येत न्हाई, मंग ठिवलंय कावून?" ती हसली. मंग दोन दिवस बोलली न्हाई.

त्यानंतर दरसाल एकदा तरी म्हणायची, "अवं, एकदा धक्क्यावर न्या की." आन मी चार माणसांत म्हणायचो, "धक्का पायजे? ये, इथंच देतो." सगळे हसायचे. तीबी तोंडाला पदर लावून हसायची. आज्याचा बिल्ला तिनं किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला, कमरेला कायम. चालली की वाजायचा.

आता मला कोण सांगणार, ती त्या वक्ताला काय म्हणाली? छातीतलं म्हणाली, का पायरीवरचं? तिला दोन शब्द बोलायला मिळाले, आन त्या टायमाला मी तिच्याकडं पाठ करून शेळी बडवीत होतो.

सांजच्याला तिला अग्नी दिला. आमच्यात दुसऱ्या दिवशी राख सावडतात. सगळ्यांची ठरलेली गोष्ट, राख गंगेत. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. सावडताना मी म्हणलो, "मी मुंबईला नेणार."

थोरला भाऊ ओरडला, "जवळची गंगा सोडून खाऱ्या पाण्यात? आन सुतकात? डोकं फिरलं का बे तुझं?"

"तिनं मागितलंय."

"कवा मागितलं?"

"मी हसत होतो तवा."

मंग म्हणला, "निम्मी तरी गंगेला ठेव." मी ठेवली. बाकीची तिच्याच हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली, जुडग्यातनं बिल्ला काढून आत टाकला, गाठ मारली.

घरी आलो. शेळी पाय उचलून धरीत होती. हळद तेलात गरम केली, तिच्या पायाला चोळली. ती माझ्याकडं न बघता रवंथ करीत राहिली. दावं शेजारणीच्या हातात दिलं आन फाट्यावर गेलो. गेवराईची गाडी आली, पण पायरी लई उंच. एका हातात काठी, एका हातात गाठोडं. दांडी धरायला हात न्हाई. मागून कुणीतरी हळूच धक्का दिला आन मी वर चढलो.