तव्यावरची मिसरी
शेजारीण दातांना लावायच्या मिसरीसाठी तव्यावर तंबाखू भाजायला बसली, की माझं डोकं अजून सणकतं. तोंडाचा कॅन्सर कशानं होतो हे शोधायच्या सर्वेक्षणात मी दौंडकडच्या एका वस्तीवर गेले होते. अंगणात बाजेवर बसलेल्या आबांना म्हटलं, “सूनबाईंना थोडं विचारायचंय.” “मला इचारा की. आमच्या बाया तंबाखूला हात लावत न्हाईत,” असं म्हणत ते स्वतः तळहातावर तंबाखू मळत होते. घरातून तंबाखू भाजल्याचा हाच घसा धरणारा वास येत होता. दारात उभ्या सुनेचे दात काळे होते, एक गाल सुजलेला. मी मुद्दाम तिच्याकडं वळून विचारलं, “मिसरी लावता का?” तिनं आधी सासऱ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “न्हाई वो ताई,” एवढंच पुटपुटली. मी तणतणत गाडीपाशी आले आणि सर्वेक्षणाच्या आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सांगतात तेच फॉर्मात भरायचं. उगाच वाद नको.” पुढं अहवाल आला. तिथल्या बायकांच्या आजाराचं कारण म्हणे स्पष्ट होत नाही. होईल कसं? बायकांच्या तोंडातलं आपण आबांच्या तोंडून लिहून घेतलं होतं ना!